थांब, लुगडं बदलून येते

घरच्या माणसांचा फोटो काढायचा असेल तर त्यांना आधी सांगू नये. सांगितलं की घरातलं माणूस घरातलं राहत नाही, तहसील कचेरीत साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखं होतं. मान ताठ, हात मांडीला चिकटलेले, डोळे बाहेर. ही विद्या मला माझ्या मामानं दिली. मामा हिंगोलीच्या एस.टी. डेपोत गाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या मिशा एवढ्या, की तो बसखाली उताणा झोपून काम करायला लागला की दोन्ही चाकांकडून एकेक टोक बाहेर यायचं आणि लोक समजायचे, आत मामा आहे. त्या डेपोतला कुणी साहेब बदली होऊन जाताना त्याला एक पेटी-कॅमेरा देऊन गेला. काळी पत्र्याची पेटी, पुढं एक डोळा, वर एक बारीक काच, बाजूला खटका. पेटी पोटाशी धरायची आणि विहिरीत वाकून बघावं तसं वरून काचेत बघायचं. आतलं जग उलटं. डावीकडची शेळी उजवीकडं. मामानं ती हुरड्याच्या दिवसांत आमच्याकडं आणली आणि माझ्या हातात दिली, कारण मामी म्हणाली होती की घरात असा एक डोळा सारखा उघडा असला की तिला स्वैपाक सुचत नाही.

आमचं घर सेनगावच्या अलीकडं, गावाच्या कडेला, माळाला पाठ लावून बसलेलं. घरात चार माणसं: बा, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू, जो तेव्हा नुकता नीट बोलायला लागला होता. चार माणसं म्हणते खरी, पण मेंढरं धरली तर आमचं घर हिंगोलीच्या बाजारापेक्षा मोठं होतं. सकाळी डोळा उघडायच्या आधी कान उघडायचे. आधी कोकरांची बें-बें, मग मेंढ्यांचं उत्तर, मग बाचा खोकला, आणि या सगळ्यांच्या वर मायचा आवाज. माझी माय ओरडली की सेनगावची बस वाटेत थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं कुणी हात केला. भाकरी थापताना ती अशी थापायची की शेजारणी त्या तालावर आपलं दळण उरकत. बाहेरच्या चुलीवर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून लसणाचा ठेचा, आणि शेळीच्या दुधाचा चहा, ज्याला एक वास असायचा आणि तो वास आला की समजायचं, दिवस सुरू झाला. आता माझ्या नातसुना पिशवीतलं दूध तापवतात. त्याला काहीच वास नसतो. मी पिते, काय करणार.

मी तेव्हा सतरा-अठराची होते. मॅट्रिकला इंग्रजीनं आपटलेली, लग्नाची बघाबघी चाललेली. मामानं पेटी दिली आणि एका सकाळी मला ओसरीवर बसवून सगळं शिकवलं.

"हे बघ पोरी, सूर्य तुझ्या पाठीशी पायजे. समोर घेतलास तर माणूस कोळसा दिसतो."

"व्हय."

"सावलीत काढायचं न्हाई. घरात तर अजिबात न्हाई. ही पेटी उन्हावर जगती."

"व्हय मामा."

"लई जवळ जायचं न्हाई. मेंढरू खुंट्याला बांधल्यावर जेवढं लांब जातं, तेवढं लांब उभं राहायचं. खटका दाबताना श्वास धरायचा. आन् माणसाला उभं करायचं न्हाई. काम करून राहिलं तर करू द्यायचं. घरच्यांचा फोटो काढणं म्हंजे ससा धरणं हाय. चाहूल लागली की गेला."

"आन् किती निघतात यात?"

"बारा. बारा झाले की रोल हिंगोलीला. मधी उघडायचं न्हाई बरं का. काळोखात गुंडाळलेलं असतं ते. ऊन लागलं की मेलं."

हे त्यानं मला सांगितलं. मायला कुणी सांगितलं नाही. तिनं कधी विचारलंही नाही, कारण तिच्या मते पेटी हा भावाचा खेळ होता आणि भाऊ हा तिचा हळवा कोपरा होता. तो आला की ती कोंबडी धरायला धावायची, आणि गेला की दोन दिवस ओसरी झाडायची नाही, त्याच्या पावलांची धूळ जाईल म्हणून. असं मी सगळीकडं सांगते. एक दिवस तरी खरंच झाडली नव्हती.

आता आमच्याकडं फोटो म्हणजे काय होतं ते ऐका. फोटो म्हणजे लग्नाला एक, आणि तोही ज्यांच्या लग्नात फोटोवाला आला त्यांच्या नशिबी. मायच्या लग्नात आला नव्हता. त्यामुळं फोटो निघणार म्हटलं की अंगावर असेल-नसेल ते चांगलं चढवायचं, हा आमच्या बायकांचा धर्म. मायकडं एक इरकल लुगडं होतं, हिरवं, तांबड्या काठाचं. ते कपड्यांच्या ट्रंकेत खाली, त्यावर कडुनिंबाचा पाला. मी कॅमेरा घेऊन अंगणात आले, सूर्य पाठीशी घेतला, चुलीपुढं माय भाकरी थापून राहिली होती, धूर तिच्या कानामागून वर जात होता. मी काचेत बघितलं, श्वास धरला. एवढ्यात तिला ती पेटीची काळी सावली दिसली.

"अगं थांब! थांब, लुगडं बदलून येते!"

आणि ती उठून घरात. माझा खटका तेव्हाच दाबला गेला. असं एकदा झालं नाही. शेळीची धार काढताना तेच, जात्याशी तेच, बाळूला न्हाऊ घालताना तेच. बाळू ओला, उघडा, भोकाड पसरलेला, आणि त्याला धरणारं कुणी नाही. लुगडं बदलून, केस चापून, शेजारणीची कर्णफुलं मागून ती बाहेर यायची तोवर ऊन भिंतीवरून उतरलेलं असायचं, किंवा एखादी शेळी सुटून कुणाच्या तरी तुरीत शिरलेली असायची, आणि मग इरकल सोडून पुन्हा जुनं नेसून माय शेळीच्या मागं. बा म्हणायचा, "हिला फोटोत धरण्यापेक्षा लांडगा धरणं सोपं." शेवटी एका दुपारी तिनं मला सांगून-सवरून इरकल नेसलं, माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली, आणि मामाचा नियम मोडून मी तिचा उभा फोटो काढला. ती अशी ताठ उभी होती की मागच्या निंबाला लाज वाटावी. पण ती खूश होती. दिवसभर मला म्हणत राहिली, "आला आसंल ना गं काठ? काठ आला पायजे."

मग पेटीत एकच फोटो उरला.

तो मला दोन दिवसांनी मिळाला. एक मेंढी व्याली आणि मेली. तिचं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं होतं. हे काम मायचं. तिनं दुसरी मेंढी मांडीत दाबून धरली, कोकरू तिच्या सडाशी नेलं, तिला समजावून राहिली, "पाज गं बाई, पाज, तुझं काय जातं, आईच हाय ना तू बी." मेंढीनं ऐकलं, विचार केला, आणि मायच्या छातीत अशी धडक दिली की माय चारी मुंड्या चीत, लेंड्यांच्या ढिगात, पाय वर. कोकरू तिनं सोडलं नाही. ते छातीशी धरून ती पडल्या पडल्या हसायला लागली. मी आयुष्यात लई हसणारी माणसं पाहिली, पण त्या दिवशी मायचं हसणं ऐकून माळावरचे होले उडाले. चोळीची बाही फाटलेली, केस सुटलेले, गालाला शेण. ऊन माझ्या पाठीशी. मी श्वास धरला आणि खटका दाबला.

"काढलास?" ती उठून बसली.

"काढला."

"ह्या अवतारात?"

"लई भारी निघंल माय. मामा म्हणला हुता तसाच."

"तुझ्या मामाला काय कळतंय! आगं, हा फोटो हिंगोलीला जाईल. तुझी मामी बघंल. ती काय म्हणंल? नणंदंला नेसायला धड न्हाई, मेंढरात लोळती. पुसून टाक."

"माय, ते पाटी हाय का पुसायला?"

"मंग काय हाय?"

मलाही धड माहीत नव्हतं. मी हसले आणि पाण्याला गेले. परत आले तर माय अंगणात, भर उन्हात, पेटीची मागची झडप उघडून बसलेली. मेकॅनिकची बहीण ती. जे मला मामानं दाखवून समजलं ते तिनं कुणी न दाखवता उघडलं. आतली पट्टी तिनं हातभर ओढून बाहेर काढली होती आणि डोळ्यासमोर धरून, उन्हाकडं करून, बारकाईनं बघत होती. बाळू दुसरं टोक धरून उभा.

"काही न्हाई निघालं गं," ती आनंदानं म्हणाली. "नुसतं गुलाबी-गुलाबी. मी न्हाई, मेंढी न्हाई, काही न्हाई. लई जिवाला लागलं हुतं."

"माय," मी म्हणाले, "तुझा इरकलवाला बी त्याच्यातच हुता."

तिचे हात तिथंच राहिले. मग तिनं ती पट्टी घाईघाईनं गुंडाळली, जखमेवरची पट्टी गुंडाळतात तशी घट्ट, आणि पेटीत ठेवून झडप लावली. झडपेवर पदर टाकला. म्हणाली, "आता सावलीत ठिवलं की. येईल ना परत?"

मी डोक्यावरची घागर उतरवून ठेवली.

"न्हाई आला तर पुन्हा काढ. मी काय बाजारात विकून जाऊन राहिले का?"

मामा रोल घेऊन गेला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याला हिंगोलीहून यायला सुट्टी मिळाली नाही, आणि मायला कावीळ झाली. पहिल्यांदा आम्ही हसलो. डोळे पिवळे झाल्यावर बा म्हणाला, वसमतच्या बाजारात उभी केली तर हळद म्हणून जाईल. तीही हसली. गावातल्या एका म्हाताऱ्यानं मुळी दिली, गळ्यात माळ घातली, रोज माळ वाढत जाईल तसा आजार उतरेल म्हणाला. माळ वाढत गेली. माय भाकरी करता करता थांबून चुलीजवळ डोकं टेकायला लागली. तिचा आवाज गेला. ज्या आवाजानं बस थांबायची, त्या आवाजानं ती पाणी मागायची आणि शेजारच्या खोलीत ऐकू यायचं नाही. हिंगोलीला नेली तोवर तिला आम्ही ओळखू येईनासे झालो होतो. दवाखान्यात ती मला "वयनी" म्हणाली, मला मामी समजून, आणि फाटलेली बाही नसताना दंडावर पदर ओढून घेतला. तेच तिचं माझ्याशी शेवटचं.

अहेव गेली म्हणून हिरवं नेसवलं. हिरवं एकच होतं. इरकल तिच्याबरोबर गेलं.

दहाव्याला मामा फोटो घेऊन आला. धुऊन, छापून, एका पाकिटात. ते त्यानं ओसरीवर मांडले आणि आम्ही भोवती बसलो. पहिले सगळे आले होते. रोल गुंडाळताना पहिले पोटात जातात, मामानं सांगितलं, म्हणून वाचले. वरचे शेवटचे तेवढे जळाले. एक फोटो: धुराची चूल, परातीत अर्धी थापलेली भाकरी, पुढं कुणी नाही. एक: शेळी, खाली चरवी, कुणी नाही. एक: जातं. एक: ओला बाळू, रडणारा. आमचं अख्खं घर होतं, ऊन बराबर पाठीशी, एकाही माणसाचे पाय कापलेले नाहीत, कारण बाळू सोडला तर माणूसच नाही. मामा म्हणाला, "साफ आलेत." आणि त्यानं तोंडाला टॉवेल लावला. बानं चुलीचा फोटो उचलला. माझा बा निरक्षर, फोटो हातात धरायची त्याची पहिलीच वेळ. बराच वेळ बघून त्यानं तो बाळूला दाखवला.

"ही बघ तुझी माय. आत गेली हाय. लुगडं बदलून येऊन राहिली."

बाळू फोटोच्या मागं बघायला लागला.

मामाला ते सहन झालं नाही. तेराव्याला पाटावर फोटो पाहिजे, आणि लेकराला मायचं तोंड पाहिजे, असं त्यानं ठरवलं. तो मला आणि बाला हिंगोलीला एका फोटोवाल्याकडं घेऊन गेला. म्हातारा माणूस होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. भिंतीला रंगवलेला बगीचा, पुढं एक खुर्ची. मामानं सगळं सांगितलं. चाचानं मान हलवली. त्याला नवल नव्हतं. ज्यांची माणसं फोटो न काढता गेली, ती सगळी त्याच्याकडंच येत.

"शकल किससे मिलती है?" त्यानं विचारलं. मग माझ्याकडं बघून स्वतःच म्हणाला, "बैठो बेटी. माँ का फोटो तुमसे बनेगा. बाकी मैं पेन्सिल से कर लूँगा."

मामीनं तिचं लुगडं दिलं. चांगलं होतं, कोरं, तिनं कधी नेसलंही नव्हतं. नेसवताना ती रडत होती आणि म्हणत होती, "बाईंना किती शोभलं असतं." मी खुर्चीवर बसले. केस मागं ओढले, मळवट भरला, हात गुडघ्यावर. चाचा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरला आणि आतून म्हणाला, "हिलना नहीं. माँ को याद करो." मी ताठ बसले. फोटोत हसायचं नसतं.

मग पेन्सिल घेऊन चाचानं विचारलं, चेहऱ्यावर काय काय होतं? बा म्हणाला, हनुवटीवर गोंदण, डावीकडं. मामा म्हणाला, डावीकडं न्हाई, उजवीकडं. लहानपणी माझ्यापुढंच गोंदलं. बा म्हणाला, "मी नवरा हाय." मामा म्हणाला, "मी भाऊ हाय." दोघं मिशा थरथरवत एकमेकांपुढं उभे राहिले. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. आणि मला, जिनं तिला रोज बघितलं, पेटीच्या उलट्या काचेत पुन्हा पुन्हा बघितलं, मला सांगता येईना. चाचानं वाट बघितली आणि गोंदण मधोमध काढलं.

फोटो भिंतीवर लागला. हार चढला. बाया येऊन म्हणाल्या, हुबेहूब. मी त्या फोटोखाली उभी राहून त्यांना चहा द्यायचे आणि एकीच्याही ध्यानात यायचं नाही. सतराव्या वर्षी स्वतःच्या फोटोला उदबत्ती लावणारी मराठवाड्यात मी एकटीच असेन, असं मी नंतर सासरी सांगून बायांना हसवायचे. घरी मात्र बानं माझ्याकडं बघणं सोडलं. बोलायचा, भाकरी मागायचा, पण तोंडाकडं बघायचा नाही. बोलायचं असलं की भिंतीकडं बघून बोलायचा. लवकर लग्न करून दिलं मला. मला वाटतं, घरात दोघी त्याला झेपत नव्हतो.

मामानं तेव्हाच बजावलं होतं, बाळूला सांगायचं नाही. आम्ही सांगितलं नाही. तो त्या फोटोपुढं पाया पडून शाळेत गेला, त्या फोटोला पहिला पगार दाखवला, नवरा-बायकोचं भांडण झालं की त्या फोटोखाली बसला. बा गेला. मामा गेला, मामी गेली. चाचाचं दुकान कधीच गेलं. आता जगात ही गोष्ट माहीत असलेली मी एकटी. सांगितलं तर त्या पोराची माय दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेला काहीच मागं राहणार नाही. आणि मी तरी काय सांगणार? माझ्याकडं कुठं आहे ती? डोळे मिटून आठवायला गेले की भिंतीवरचीच येते: ताठ, न हसणारी, हनुवटीच्या मधोमध गोंदण. मी तिला हाकलते. पुन्हा तीच येते. खरी कुठं गेली विचारायला घरात कुणी उरलं नाही.

मागच्या वर्षी बाळूनं हिंगोलीत घर बांधलं. आता तोही म्हातारा झालाय, दाढी पांढरी. त्यानं तो फोटो कुठंतरी देऊन मोठा करून आणला, रंग भरून. लुगडं निळं केलंय. वास्तूच्या दिवशी त्यानं मला हाताला धरून त्याच्यापुढं नेलं, एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि नातवंडांच्या देखत माझी मस्करी केली.

"आक्का, तू सगळी बाच्यावर गेलीस बघ. मायचं काहीच आलं न्हाई तुझ्यात."

सगळे हसले. मी म्हणाले, "व्हय रे बाळू. बराबर हाय."